जबानी आणि वर्तणूक

ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेची साक्ष मुखाने द्यावी की आचरणाने, हा वाद महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत जुनाच आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईच्या बंदरात उतरले, मराठी शिकले, रस्त्यांतून आणि देवळांच्या आवारांतून लोकांना गाठून बोलू लागले, आणि पुढे १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीच्या रोग्यांना औषध वाटता वाटता स्वतःच पटकीने मरण पावले. तेव्हा या वादाच्या दोन्ही बाजू आरंभापासून एकाच माणसाच्या चरित्रात नांदत आलेल्या आहेत, आणि तरीही तो मिटलेला नाही.

पुढे दिलेल्या संभाषणाचे निमित्त अगदीच हिशेबी होते. साल १९५६. नगर जिल्ह्यातील एका मंडळीच्या वडीलमंडळापुढे, साक्षकार्याच्या खात्यावरील शिलकेचा विनियोग कसा करावा, हा विषय निघाला आणि त्यावर दोन सूचना आल्या. बाजारच्या दिवशी चौकात भजन व उपदेश करणाऱ्या जथ्यासाठी पेटी, तबला आणि गाडीभाडे मंजूर करावे, ही पहिली. तीच रक्कम औषधांच्या पेटीवर खर्चून ती पेटी घेऊन एका परिचारिकेने खेडोपाडी फिरावे आणि उपदेशाचा चकार शब्द काढू नये, ही दुसरी. पहिली सूचना मांडणारे गृहस्थ दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. दुसरी ज्यांची, त्या बाई मिशनच्या एका रुग्णालयात मेट्रन होत्या. त्याच वर्षी दोन्ही घरांची सोयरीक झालेली असल्यामुळे वादाला मर्यादाही होती आणि धारही होती. व्याही-विहिणीचे भांडण जितक्या आदराने चालते तितके ते अधिक बोचते, हे मराठी वाचकांस सांगायला नको. उभयतांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. मी बाजूस बसून ऐकत होतो, आणि जेथे राहवले नाही तेथे माझेही दोन शब्द घातले आहेत.

व्याही: विहीणबाई, औषधाला माझी ना नाही. तापकऱ्याला गोळी द्यावी, जखमेला पट्टी बांधावी, यावर कोण तक्रार करील? माझी हरकत फक्त खात्यापुरती आहे. ही रक्कम धर्मादायातून उचला, मी आत्ता सही करतो. साक्षकार्याच्या खात्यावर मात्र ती टाकू नका. कारण ज्याने तोंडच उघडले नाही त्याची साक्ष नोंदली गेली, असा प्रकार माझ्या उभ्या नोकरीत माझ्या पाहण्यात आला नाही.

विहीण: आपल्या खात्यांची नावे रोग्याला ठाऊक नसतात, व्याहीबुवा. भर रात्री त्याची ओली चादर कोण बदलते, आणि बदलताना नाक मुरडते की नाही, एवढे त्याला ठाऊक असते. बोलणाऱ्यांची तर गावाला वाण नाही. कीर्तनकार येतो, निवडणुकीचा उमेदवार येतो, ग्रामसेवक येतो, आणि आता त्यांच्या मागोमाग आपली पेटी येणार. त्यातून बोलणारा पगारी असला म्हणजे त्याच्या बोलण्याची किंमत गावकरी अचूक करतात. हे नारायण वामन टिळकांनी ओळखले होते. मिशनच्या कामात उमेदीची वर्षे घालवल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. का सोडला? पोटासाठी बोलणाऱ्याचा शब्द कोणी साक्ष म्हणून घेत नाही, म्हणूनच ना?

व्याही: पगार सोडला, पण बोलणे कुठे सोडले? अभंग, भजने, कीर्तने, ‘ख्रिस्तायन’. अखेरपर्यंत त्यांची वाणी आणि लेखणी चालूच होती. आणि त्यांचा स्वतःचा आरंभ कशाने झाला, तेही आठवा. राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एक अपरिचित युरोपियन भेटतो, संस्कृत काव्यावर बोलतो, नवा करार हाती ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून आपल्या वाटेने निघून जातो. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाची कोणती वर्तणूक टिळकांनी पाहिली होती? तो नोकरांशी कसा वागतो, देणे फेडतो की बुडवतो, बायकोवर हात उगारतो की काय, कशाचाच थांग नव्हता. होता तो एक तासाचा शब्द.

विहीण: त्या काळी गोरा साहेब, डब्यात बसलेल्या काळ्या माणसाकडे पाठ फिरवायची सोडून, भवभूती-कालिदासाच्या विषयावर त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, ही वर्तणूक नव्हे? नव्या कराराच्या प्रती पाद्र्यांनी हजारोंच्या हाती दिल्या असतील. त्यांतल्या किती पुड्या बांधायला गेल्या, हे वाण्याला विचारा. टिळकांनी ती वाचली, कारण देणाऱ्याने आधी त्यांना विद्वान म्हणून वागवले.

शिरस्तेदार यावर मोकळेपणाने हसले. प्रतिपक्षाचा मुद्दा पटला की तो तसा नोंदवून पुढे जावे, ही कचेरीतली सवय त्यांना निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती.

व्याही: हा मुद्दा तुमचा. आता कायद्यातली एक गोष्ट ऐका. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात आठवे कलम आहे. पक्षकाराची घटनेपूर्वीची किंवा नंतरची वर्तणूक पुराव्यात घेता येते, असे ते सांगते. पण त्याखाली एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. वर्तणूक या सदरात नुसती विधाने येत नाहीत. मात्र जी विधाने एखाद्या कृतीच्या जोडीने येऊन तिचा उलगडा करतात, ती येतात. हा कायदा लिहिणाऱ्या स्टीफनसाहेबांच्या मनात आपले साक्षकार्य खचित नव्हते, परंतु आपल्या भांडणाचे मर्म मला त्या एका स्पष्टीकरणात सापडते. मुकी कृती ही दहा अर्थांची धनी असते. खुनाच्या रात्री एखादा इसम गाव सोडून जातो. तो अपराधी असेल, नुसता घाबरट असेल, किंवा त्याची बहीण परगावी अत्यवस्थ असेल. तुम्ही ओली चादर बदलता. पाहणाऱ्यांपैकी एक म्हणतो, पगार मिळतो म्हणून बदलते. दुसरा म्हणतो, पुण्य जोडते. तिसरा म्हणतो, आज चादर आणि उद्या बाप्तिस्मा. हा तिसरा तर आता सरकारी दप्तरात दाखल झाला आहे. मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल यंदा बाहेर पडला. वैद्यकीय आणि तत्सम सेवा धर्मांतराचे साधन म्हणून वापरण्यास कायद्याने मनाई करावी, अशी शिफारस त्यात आहे. म्हणजे चौकात उभ्या राहून ओरडणाऱ्यापेक्षा तुमच्या मुक्या पेटीचाच संशय अधिक! ओरडणाऱ्याच्या मनात काय आहे, ते निदान सगळ्या बाजाराला ऐकू तरी येते.

विहीण: संशय आकाशातून पडला नाही, व्याहीबुवा. मिशनच्या दवाखान्यांची रीत तुम्ही पाहिलेली आहे. सकाळी रोगी ओसरीवर येऊन बसत. आधी प्रार्थना, मग पाळकांचा किंवा बायबलबाईंचा उपदेश, आणि त्यानंतर दवाखान्याचे दार उघडे. ही रीत कोणी दुष्टाव्याने घातली नव्हती. देहाचे औषध देण्याआधी आत्म्याचे द्यावे, असा तिच्यामागे भाव होता, आणि घालणारी माणसे आपापल्या परीने थोर होती. पण मी त्या ओसरीकडे आतल्या बाजूने पाहिले आहे. मांडीवर फणफणलेले मूल घेऊन बसलेल्या बाईला योहानाचा कोणता अध्याय चालला आहे, याची शुद्ध नसे. डॉक्टर केव्हा येतात, एवढ्याकडे तिचे डोळे. तिला उठून जाता येत होते का? तिने मान डोलावली, ती श्रद्धेने की मूल वाचावे म्हणून? अशा बाईची मान डोललेली पाहून ज्यांना समाधान वाटले, त्यांच्या साक्षीवर समितीने संशय घेतला तर मी समितीला सर्वस्वी दोष देणार नाही.

व्याही: शिफारस मात्र मला मान्य नाही. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म मानण्याचा आणि आचरण्याचा हक्क आहे, तसा त्याच्या प्रसाराचाही आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्या एका शब्दावर चांगली खडाजंगी झाली, लोकनाथ मिश्रांनी तो गाळावा म्हणून जोर लावला, आणि तरी तो राहिला.

विहीण: हक्क राहू द्या. हक्क आहे म्हणून आजाऱ्याच्या उशाशी तो बजावावा, असे संविधानात कोठे म्हटले आहे?

येथे मला राहवले नाही. मी म्हणालो की, आपण दोघे कायद्याने आणि इस्पितळाने भांडता आहात. पण आपल्याच इतिहासात एक असे चरित्र आहे की जे या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना जाऊन आले, आणि ते पंडिता रमाबाईंचे. हे नाव निघताच मेट्रनबाई सावरून बसल्या. जणू ते त्यांच्या बाजूचेच होते.

विहीण: रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे गेल्या. शास्त्रे मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली बाई. शब्दांना भुलणारी ती नव्हे. आईबाप दुष्काळात गेलेले, नवरा निवर्तलेला, कडेवर लहानगी मनोरमा. अशा बाईला तेथल्या भगिनींनी लंडनमध्ये फुलहॅमला त्यांचे काम पाहायला नेले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा होता, आणि त्यांची सेवा करणाऱ्या बायका चांगल्या घरच्या होत्या. रमाबाईंनी लिहून ठेवले आहे की, अशा स्त्रियांना इतक्या ममतेने वागवलेले त्यांनी पूर्वी कोठे पाहिले नव्हते. त्यांचे अंतःकरण तेथे हलले. कोणाच्या व्याख्यानाने? कोणाच्याही नाही.

व्याही: आणि पुढचे? थांबू नका, विहीणबाई, पुढचेही सांगा. रमाबाईंनी काय केले? आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला त्यांनी विचारले की, अशा बायकांची काळजी घ्यावी असे तुम्हा लोकांना कशामुळे वाटते. त्या भगिनीने तोंडाला कुलूप लावले नाही. आमची वागणूक पाहा आणि तुमचे तुम्ही ताडा, असेही ती म्हणाली नाही. तिने योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. तिने ती वाचली नसती, तर इंग्रज लोक मोठे दयाळू आहेत, एवढाच दाखला घेऊन रमाबाई परतल्या असत्या, आणि दयेचे श्रेय राणीच्या राज्याला गेले असते. शिवाय बुद्धीचे समाधान व्हायचे राहिलेच होते; ते केले नीलकंठशास्त्री गोऱ्यांनी. ते तर्काचे पंडित, षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिणारे, स्वतः काशीस वाद घालायला म्हणून गेले आणि ख्रिस्ती होऊन बसले. त्यांच्या लेखणीतून समुद्रापार गेलेल्या युक्तिवादाचे ऋण रमाबाईंनी पुढे मानले आहे. म्हणजे हृदय जिंकले फुलहॅमने, खुलासा केला एका भगिनीच्या वाचनाने, आणि निकाल लिहिला गोऱ्यांच्या शब्दाने.

मला या प्रसंगात सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचा क्रम. आधी कृती, मग पाहणाऱ्याचा प्रश्न, आणि त्या प्रश्नाला उत्तर म्हणून शब्द. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडला तर तेथेही हा क्रम सापडतो: आरंभी तो स्त्रियांना सुचवतो की, न मानणारे नवरे बोलण्यावाचून, केवळ त्यांच्या वागण्याने जिंकले जावेत, आणि त्याच अध्यायात थोडे खाली तो सर्वांनाच बजावतो की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सौम्यपणे उत्तर द्यायला सदैव सिद्ध असा. आचारवादी या अध्यायाचा पूर्वार्ध वाचतात, उपदेशवादी उत्तरार्ध वाचतात, आणि मधल्या दहाबारा ओव्या, म्हणजे ज्यांत संसार आहे त्याच, कोणी वाचत नाही.

विहीण: पण रमाबाईंचे अर्धेच सांगून झाले. इंग्लंड-अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. उच्च वर्णांतल्या विधवांसाठी ती शाळा. धर्म शिकवायचा नाही, हा करार. करार त्यांनी पाळला. मुलींना आपापले सोवळेओवळे सांभाळायला, आपापले देव पुजायला मुभा होती. स्वतः रमाबाई मात्र रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावर पुण्यात केवढे काहूर उठले! ‘केसरी’ने तोफ डागली, आणि ऑगस्ट १८९३ मध्ये भांडारकर, रानडे यांच्यासारख्या सुधारक सल्लागारांनीही संबंध तोडला. आता तुमच्या आठव्या कलमाने सांगा: उघडे दार ही जबानी की वर्तणूक?

व्याही: (बराच वेळ विचार करून) वर्तणूक, पण ज्याचा उलगडा सगळ्या पुण्याने परस्पर करून घेतला अशी.

विहीण: म्हणजे न बोलताही बोलल्याचा आरोप आलाच. मग बोलण्याचे काय राहिले?

व्याही: माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात! मौन हे सुरक्षित आहे, हा भ्रम त्या प्रकरणाने फोडला. त्यांनी दार लावले असते तर लोक म्हणते, बाई आत काहीतरी लपवते. उघडे ठेवले तर म्हणाले, बाई जाळे टाकते.

रानडे-भांडारकरांच्या बाजूने एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, आणि ती ख्रिस्ती लेखक सहसा सांगत नाहीत. ज्या बालविधवा सदनात होत्या त्या अन्न, वस्त्र आणि निवाऱ्यासाठी त्या एकाच बाईवर अवलंबून होत्या. अशा मुलीला उघड्या दाराचे जे आकर्षण वाटते ते निव्वळ धर्मजिज्ञासेचे आहे की आसरा देणारीला खूश ठेवण्याच्या जन्मजात भीतीचे आहे, हे खुद्द त्या मुलीलाही कळणे कठीण. रमाबाईंचा हेतू निर्मळ होता, याविषयी मला संदेह नाही. आपल्याच घरात आपल्या देवाची प्रार्थना दार लावून करावी, अशी अपेक्षा कोणत्याही हिंदू गृहिणीकडून कोणी केली नसती, हेही तितकेच खरे. पण सल्लागारांची शंका नुसती धर्मवेडाची नव्हती. तीत त्या मुलींच्या परावलंबित्वाची जाण होती, आणि मेट्रनबाईंनी दवाखान्याच्या ओसरीवर पाहिलेली गोष्ट हीच होती.

विहीण: मग असिसीच्या फ्रान्सिसने सांगितलेलेच बरे नव्हे का? सुवार्ता सदैव गाजवा, आणि गरज पडली तर शब्द वापरा, असे काहीसे तो म्हणाला होता ना?

व्याही: त्याच्या लिखाणात असे वाक्य कोठे मिळत नाही. मिळते ते अधिक रोखठोक आहे. हा मनुष्य १२१९ साली क्रूसयुद्धाच्या धामधुमीत दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलच्या छावणीत जाऊन, त्याच्या तोंडावर ख्रिस्ताविषयी बोलून आलेला. मुका संत नव्हे. परत आल्यावर १२२१ च्या नियमावलीत त्याने मुसलमानांत जाणाऱ्या बंधूंना दोन मार्ग घालून दिले. एक, वादात पडू नये, सर्वांच्या अंकित होऊन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे मात्र कबूल करावे. दुसरा, देवाची मर्जी दिसेल तेव्हा वचन उघड सांगावे. पहिल्या मार्गातसुद्धा कबुली आहे, हे ध्यानात घ्या. नाव सांगितल्याशिवाय त्याचेही भागले नाही.

विहीण: गांधीजी तर म्हणत की, गुलाबाला प्रवचन करावे लागत नाही; त्याचा सुवास पुरे.

व्याही: गुलाबावर कोणाचा कज्जा नसतो, विहीणबाई. गुलाब वजनात मारत नाही, भावाचा हिस्सा दाबत नाही, रागाच्या भरात नोकराला शिव्या देत नाही. मी यांतले काहीही करू शकतो, आणि थोडेफार केलेही असेल. माझी वागणूक हीच माझी साक्ष ठरली, तर माझ्या वागणुकीइतकाच माझा ख्रिस्त लहान होईल. शब्दाची गरज मला येथे वाटते. आणि याहून एक सूक्ष्म धोका आहे. मी न बोलता चांगला वागत राहिलो, तर लोक मला हार घालतील. अहो, काय भला माणूस! सगळी जमा माझ्या नावावर. तोंड उघडून, ही रक्कम माझी नव्हे, असे सांगितल्याशिवाय ती योग्य खात्यावर वळती होत नाही.

हा युक्तिवाद मला त्या दिवशीचा सर्वांत बळकट वाटला, आणि अजूनही वाटतो. मूक सेवेचा अभिमान हा बडबड्या उपदेशाच्या अभिमानापेक्षा कमी दिसतो म्हणूनच अधिक खोल मुरतो. परंतु मेट्रनबाईंनी त्याला दिलेले उत्तर त्यांनी आधीपासून पदराच्या गाठीला बांधून आणलेले असावे.

विहीण: बोला, अवश्य बोला. पण एक विचारते, राग मानू नका. चौकात आपण काय सांगणार? ख्रिस्तात जातिभेद नाही, हेच ना? मग आपल्या दोन घरांची सोयरीक जुळत होती तेव्हा आपल्याकडून मध्यस्थाकरवी पहिली विचारणा झाली ती मुलीच्या शिक्षणाची नव्हे, आमच्या आजोबांची बाप्तिस्म्यापूर्वीची जात कोणती, याची.

शिरस्तेदार एकदम गप्प झाले. मग सावकाश म्हणाले:

व्याही: विचारणा माझ्या थोरल्या बंधूंची होती.

विहीण: आणि आपण तेव्हा काय बोललात?

व्याही: काही नाही.

विहीण: बाजारात जे गिऱ्हाईक आपले भजन ऐकायला उभे राहणार, त्याला हे ठाऊक आहे. महारवाड्यातले पूर्वीचे, मांगवाड्यातले पूर्वीचे, ब्राह्मणांतले पूर्वीचे, कोण कोणत्या बाकावर बसतो आणि कोणाच्या लग्नात कोण जेवतो, याची नोंद गाव आपल्यापेक्षा नीट ठेवते. तुम्ही म्हणता, वागणुकीइतका ख्रिस्त लहान होईल. खरे आहे. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, अशा माणसाच्या तोंडून तो मोठाही होत नाही; खोटा होतो.

व्याही: याला माझ्यापाशी उत्तर नाही. एक मात्र म्हणेन. तुम्ही आत्ता जे केलेत ते औषधाच्या पेटीने झाले नसते. तुम्ही तोंडावर बोललात, म्हणून ते मला लागले. आणि मी उठून जाऊ शकत होतो, उलट बोलू शकत होतो, म्हणून ते बोलणे योग्य ठरले. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी झाली नाही, तर त्याची सरतपासणी फुकट. ऐकणाऱ्याला उलट विचारता आले पाहिजे, हसता आले पाहिजे, पाठ फिरवता आली पाहिजे. एवढे असेल तर बोलणारा कितीही मोठ्याने बोलो, जुलूम होत नाही.

विहीण: हेच तर मी सकाळपासून सांगते आहे. खाटेवरचा रोगी उलटतपासणी घेऊ शकत नाही.

व्याही: आणि बाजारातला माणूस घेऊ शकतो! १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे आठवड्याच्या आठवड्याला वाद झाले. हजारो लोक ऐकायला. बुवांनी पाद्र्यांचा एकही मुद्दा सुखासुखी जाऊ दिला नाही. आणि त्या सभांचा वृत्तांत पुढे छापून प्रसिद्ध झाला तो त्याच वादात समोर उभ्या असलेल्या जॉर्ज बोवेनसाहेबांच्या हातून. हे बोवेन १८४८ साली आले, थोड्याच दिवसांत त्यांनी मिशनचा पगार नाकारला, बाजारातल्या साध्या बिऱ्हाडात, आपल्याकडच्या गरिबासारखे राहिले, आणि १८८८ मध्ये वारले तोपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर रोज उभे राहून बोलत राहिले. धर्मांतरे त्यांच्या हातून फारशी झाली नाहीत. पण त्यांच्याविषयी, जबानी एक आणि वर्तणूक दुसरी, असे विष्णुबुवांनाही म्हणता आले नसते.

बोवेनसाहेबांचे नाव निघाल्यावर दोघांचाही आवाज उतरला, आणि मग वादाला एक वेगळे वळण लागले. कारण दोघांच्याही ध्यानात येऊ लागले होते की, जीभ आणि हात यांची आपण जी वाटणी करीत होतो ती मुळातच खोटी आहे. खरी वाटणी ऐकणाऱ्यांची आहे. जो आपल्या बरोबरीचा आहे, ज्याला आपल्याकडून काही मिळवायचे नाही, त्याच्याशी न बोलणे यात विनय कमी आणि तुच्छता अधिक असते: शेजारी वर्षानुवर्षे राहतो, पोळ्याला पुरणपोळी पाठवतो, आणि आपण त्याला आपल्या अंतःकरणातली सर्वांत मोठी गोष्ट कधी सांगत नाही, जणू त्याला ती समजणारच नाही. आणि जो आपल्या अन्नावर, औषधावर, वशिल्यावर अवलंबून आहे, त्याच्यापुढे बोलणे म्हणजे त्याच्या नाइलाजाचा दस्त करून घेणे. रस्त्यावरचा उपदेश असंस्कृत आणि इस्पितळातली प्रार्थना सुसंस्कृत, असे आपले सुशिक्षित ख्रिस्ती मानतात. मला याच्या नेमके उलट वाटते, आणि या बाबतीत मी शिरस्तेदारांच्या पेटी-तबल्याचा पक्षपाती आहे. फक्त तो जथा दुसऱ्यांच्या देवांची टवाळी करणार नाही, एवढी हमी मला हवी. पूर्वीच्या पुष्कळ पुस्तिकांनी तसे केले, आणि त्याने सुवार्तेची जितकी हानी झाली तितकी तिच्या शत्रूंनीही केली नसेल.

विहीण: तर मग ठराव असा लिहा: बाजारात बोलावे, वॉर्डात बोलू नये, औषध धर्मादाय खात्यातून, पेटी-तबला साक्षकार्याच्या. मी सही करते. पण माझा एक पेच अजून सुटलेला नाही, आणि त्यावर आपले कलम काय म्हणते ते सांगा. वसतिगृहातली बारा वर्षांची मुलगी. आईबाप नाहीत. अन्न आपले, कपडा आपला. तिला कोणी काही शिकवले नाही, कोणी ओसरीवर बसवले नाही. रात्री दिवा मालवायच्या वेळी ती मला विचारते, मावशी, तुम्ही रोज कोणाशी बोलता? ती उठून जाऊ शकत नाही. आणि तिने विचारलेही आहे.

व्याही: कायद्याने ती अज्ञान आहे. सज्ञान झाल्यावर तिने रीतसर अर्ज करावा, मग सुनावणी.

विहीण: सहा वर्षे तिला काय सांगू? हवामान?

व्याही: थट्टा केली, विहीणबाई. उत्तर द्यावे लागेल. खोटे बोलता येणार नाही, आणि विषय बदलला तर तेही ती ओळखेल. विचारले तेवढ्यापुरते सांगा.

विहीण: आणि दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली की, मला तुमच्या देवाशी बोलायचे नाही, मी माझ्या आजीचीच भवानी पुजीन, तर?

व्याही: तर तिच्या ताटातली भाकरी आदल्या दिवशी होती तेवढीच असली पाहिजे. आणि तुमचा चेहराही.

विहीण: भाकरीची हमी मी देते. चेहऱ्याची देववत नाही. माझा चेहरा माझ्या हाती असता तर मी मेट्रन म्हणून इतकी बदनाम झाले नसते. तेव्हा त्या मुलीपाशी माझ्याऐवजी दुसरी कोणी बसावी, अशी एक ओळ आपल्या ठरावात घाला.

शिरस्तेदारांनी ती ओळ घातली. पण “दुसरी कोणी” म्हणजे नेमके कोण, हे ठरवण्यासाठी वडीलमंडळाची पुढची बैठक बोलवावी लागली, आणि तीत मतभेद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.